हात कुणाचे, नाव कुणाचं? शिल्पकार मीरा मुखर्जी

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



तीन प्रश्न विचारून सुरुवात करते. आपल्या गावातला कुठलाही एक पुतळा डोळ्यांपुढे आणा. चौकातला असो, बागेतला असो. पहिला प्रश्न : तो कुणाचा आहे? हे सगळेच सांगतील. दुसरा प्रश्न : तो कुणी घडवला? इथे हात थोडे कमी वर येतील. तरी पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी नानासाहेब करमरकरांचा, हे सांगणारे या सभागृहात नक्की आहेत. आता तिसरा प्रश्न : त्या पुतळ्याचा धातू कुणी वितळवला? साचा कुणी भरला? भट्टीच्या तोंडाशी कोण उभं राहिलं? त्यांची नावं सांगा.

इथे आपण सगळेच अडतो. पुतळा ज्याचा, त्याचं नाव आपल्याला पाठ असतं. शिल्पकाराचं नाव अभ्यासकाला माहीत असतं. ओतणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नसतं.

आज मी ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांचं सारं आयुष्य या तिसऱ्या प्रश्नाच्या शोधात गेलं. मीरा मुखर्जी. जन्म १९२३, कोलकाता. मृत्यू १९९८. मानवी आकृतीचं धातुशिल्प करणाऱ्या आधुनिक भारतीय शिल्पकारांमधलं हे पहिल्या रांगेतलं नाव. बंगालमध्ये ते आदराने घेतलं जातं. महाराष्ट्रात चित्रशिल्पाच्या वर्तुळाबाहेर ते फारसं पोचलेलं नाही, म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला.

एक योगायोग सांगते. त्याच १९२३ साली मुंबईत पिलू पोचखानवाला यांचा जन्म झाला. त्याही शिल्पकार झाल्या, त्यांनीही धातू जवळ केला. पण पिलूबाई भंगार धातू आणि वेल्डिंग हाताशी घेऊन अमूर्ताकडे गेल्या. मीरा मुखर्जींनी माणूस सोडला नाही. ज्या काळात अमूर्त म्हणजेच आधुनिक असं समीकरण रूढ होत होतं, त्या काळात त्या माणसाचे हात, माणसाची पाठ, माणसाचं ओझं घडवत राहिल्या. हा हट्ट कुठून आला? माणूस तर सगळेच घडवतात. मग यांच्या माणसात वेगळं काय?

माझं म्हणणं आधीच एका वाक्यात मांडते. मीरा मुखर्जींनी राबणाऱ्या माणसाला आपल्या शिल्पाच्या मध्यभागी आणलं, आणि त्यांना ते जमलं, कारण त्या आधी राबणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन शिकल्या. हे म्हणणं मी चार टप्प्यांत उलगडते. त्या कुठे शिकल्या, कशा घडवत होत्या, काय घडवत होत्या, आणि त्यांच्या कामाने आपल्यापुढे कोणता प्रश्न ठेवला.

पहिला टप्पा शिक्षणाचा.

मीरा मुखर्जींचं कलाशिक्षण चौदाव्या वर्षी सुरू झालं. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेच्या शाळेत त्या जाऊ लागल्या. युरोपीय पद्धतीच्या चित्रकलेला पर्याय शोधणारी ती चळवळ. अजिंठा, मुघल लघुचित्रं, जपानी शाई यांच्यातून वाट काढणारी. १९४१ साली त्यांचं लग्न झालं आणि ती शाळा सुटली. ते लग्न टिकलं नाही. चाळिशीच्या दशकातल्या बंगाली घरातल्या मुलीचं लग्न मोडतं आणि ती पुन्हा कलेकडे वळते. त्यात किती धैर्य लागलं असेल, हे या सभागृहातल्या माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको. त्या दिल्लीला गेल्या, दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिकल्या, पदविका मिळवली. पुढे इंडोनेशियाचे प्रसिद्ध चित्रकार अफांदी भारतात असताना शांतिनिकेतनात काही काळ त्यांच्यासोबत काम केलं.

१९५३ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या जर्मनीत म्युनिकच्या कला अकादमीत दाखल झाल्या. महायुद्ध संपून आठच वर्षं झाली होती. बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं ते शहर अजून उभं राहत होतं. तिथे त्यांना दोन मोठे शिक्षक लाभले. एक टोनी श्टाडलर, मानवी देहाचा भरीवपणा आणि शांतपणा जाणणारे शिल्पकार. दुसरे हाइनरिश किर्शनर, अकादमीतल्या ब्राँझच्या ओतकामाचे जाणकार. म्हणजे आकार आणि धातू, दोन्हींचं उत्तम शिक्षण एका छताखाली मिळत होतं.

पुढे काय होणार, हे आपल्याला ठाऊक असलेल्या शेकडो गोष्टींवरून आपण सांगू शकतो. परदेशी पदवी, मायदेशी परत, शहरात स्टुडिओ, सरकारी पुतळ्यांची कामं. यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. म्युनिकने त्यांना कौशल्य दिलं, आणि त्याच म्युनिकमध्ये त्यांना उमगलं की आपल्याला जे सांगायचं आहे त्याची भाषा इथे सापडणार नाही. ती जिथे आहे तिथे जावं लागेल. परतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत शिकवलं, आधी दार्जिलिंगच्या बाजूच्या कर्सियांगला आणि मग कोलकात्यात. आणि मग त्या निघाल्या बस्तरला.

बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडचा मुलूख. तिथे घडवा नावाचा समाज आहे. पिढ्यान् पिढ्या पितळेचं ओतकाम करणारा. गावदेवीच्या मूर्ती, हत्ती, घोडे, दिवे, दागिने, मापं. आदिवासी गावाला लागणारं सारं धातूचं सामान हे लोक पुरवत आले. युरोपातल्या अकादमीत शिकून आलेली, वयाची पस्तिशी गाठलेली ही बाई त्यांच्या अंगणात जाऊन जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून शिकू लागली. माती कशी मळायची, मेण कसं ओढायचं, भट्टी तापली हे कसं ओळखायचं.

पुढे १९६१ ते १९६४ या काळात भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेसाठी त्यांनी देशभरच्या धातूकारागिरांचा अभ्यास केला. मध्य भारत, पूर्व भारत, दक्षिण, थेट नेपाळपर्यंत. कोण ओततो, कसं ओततो, कोणत्या मातीत ओततो, ओतण्याआधी कोणाची पूजा करतो, माल कुठे विकतो, पोट भरतं का. यातून त्यांचं ‘मेटलक्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक झालं. कलावंताने लिहिलेली लोकशास्त्रीय नोंद म्हणून ते आजही महत्त्वाचं आहे.

इथे क्षणभर थांबायला हवं. आपल्याकडे शिक्षणाची दिशा ठरलेली आहे. गावातून तालुक्याला, तालुक्यातून शहरात, शहरातून परदेशात. या बाईंनी ती वाट उलटी चालून दाखवली. म्युनिकहून बस्तरमधल्या कोंडागावच्या दिशेने. आणि हे दयेपोटी नव्हतं, ‘आदिवासी कलेचा उद्धार’ करायला तर अजिबात नव्हतं. त्या शिकायला गेल्या होत्या. गुरू बदलला होता, एवढंच.

दुसरा टप्पा : त्या घडवत कशा होत्या?

मेण वितळवून धातू ओतण्याची विद्या आपल्या उपखंडात फार जुनी. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, याच रीतीने ओतलेली. ती साडेचार हजार वर्षं जुनी. आपल्याकडे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली धातूचा जो साठा सापडला, त्यात हत्ती आहे, गेंडा आहे, रेडा आहे आणि बैलजोडीच्या रथावर उभा राहिलेला एक माणूस आहे. भरीव, वजनदार ओतकाम. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या इतिहासात आपण त्याचं नाव नेहमी घेतो. त्याच ग्रंथात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याची रीतही सविस्तर दिलेली आहे. म्हणजे बस्तरचा घडवा जे करतो ते रानातलं काहीतरी विचित्र नाही. ते या देशाच्या मुख्य परंपरेतलंच आहे. मुख्य परंपरा रानात टिकली आणि शहरात विसरली गेली, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

ही रीत थोडक्यात सांगते, कारण ती समजल्याशिवाय मीरा मुखर्जींचं शिल्प समजत नाही.

आधी माती आणि भाताचा तूस मळून आकृतीचा गाभा करतात. तो वाळला की त्यावर मेण चढवायचं. मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण, त्यात राळ. बस्तरमध्ये हे मेण दाबून त्याचे लांब धागे काढतात, आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसे. हे धागे गाभ्यावर एकाशेजारी एक गुंडाळत जायचं. डोळे, नाक, दागिने, वस्त्राच्या कडा, सारं धाग्यांनीच. मग त्यावर अगदी बारीक चाळलेल्या मातीचा हात, म्हणजे मेणावरची रेघन् रेघ मातीत उमटते. त्यावर जाड माती, वारुळाची, तूस घातलेली. मेण बाहेर पडायला आणि धातू आत यायला वाट ठेवायची. भट्टीत साचा तापला की मेण वितळून जातं आणि आत पोकळी राहते. जितक्या जाडीचं मेण, तितक्याच जाडीची पोकळी. कधी साच्याच्याच एका टोकाला पितळेचे तुकडे बंद करून तापवतात आणि साचा उलटा करतात. कधी वेगळ्या मुशीत धातू वितळवून ओततात. मग थंड होऊ द्यायचं आणि साचा फोडायचा.

यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. इथे मूळ नमुना उरत नाही. मेण जळून गेलं. साचा फोडला. म्हणजे हाती आलं ते एकच. दुसरी प्रत नाही. आणि धातू एखाद्या कोपऱ्यात पोचलाच नाही, मधेच गोठला, साचा तडकला, तर महिन्यांची मेहनत गेली. पुन्हा गाभ्यापासून सुरुवात.

युरोपीय अकादमीची रीत वेगळी. शिल्पकार मातीत नमुना करतो, त्याचं प्लास्टर होतं, ते प्लास्टर कारखान्यात जातं आणि तिथले कामगार ते ब्राँझमध्ये ओततात. विचार एकीकडे, भट्टी दुसरीकडे. शिल्पकाराला हवं तर भट्टीचं तोंड न पाहताही नामवंत होता येतं. मीरा मुखर्जींनी हे दोन भाग पुन्हा एकत्र केले. त्या आकृती थेट मेणात घडवत. मेणाच्या पट्ट्या, मेणाच्या वळ्या, मेणाचे धागे. मातीचे थर देण्यापासून धातू ओतेपर्यंत साऱ्या कामात त्या स्वतः असत. कोलकात्याच्या दक्षिणेला, नरेंद्रपूरच्या बाजूच्या एलाची गावात त्यांचं हे ओतकाम चाले, गावातल्या माणसांना सोबतीला घेऊन.

पण त्यांनी बस्तरची नक्कल केली असती, तर आज त्यांच्यावर व्याख्यान द्यायचं कारण नव्हतं. घडव्यांच्या मूर्ती बहुतेक हातात मावणाऱ्या, देवघरात राहणाऱ्या. मीरा मुखर्जींनी तीच रीत माणसाहून उंच शिल्पासाठी वापरली. एवढं मोठं शिल्प एका साच्यात ओतता येत नाही. म्हणून त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग वेगळा ओतायचा आणि मग सांधायचे. हे सांधे त्यांनी घासूनपुसून नाहीसे केले नाहीत. मेणाच्या धाग्यांच्या रेघा ठेवल्या, खडबडीतपणा ठेवला. त्यांच्या शिल्पाजवळ गेलात तर जागोजागी काम दिसतं. इथे बोट दाबलं, इथे धागा वळवला, इथे दोन तुकडे जोडले. गुळगुळीत पुतळा आपलं घडणं लपवतो. यांचा पुतळा आपलं घडणं अंगावर वागवतो. ही काही केवळ शैली नव्हे. ज्या बाईला ‘हात कुणाचे?’ हा प्रश्न पडला होता, ती हातांच्या खुणा पुसून कशी टाकेल?

आता तिसरा टप्पा : त्यांनी घडवलं काय?

आपल्याकडच्या आधुनिक मानवशिल्पाची वाट आठवा. १८९६ च्या सुमारास मुंबईत गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुण विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ घडवली आणि जे. जे. स्कूलच्या परंपरेचा दबदबा निर्माण झाला. त्यानंतर आपल्या शिल्पकारांनी कमावलेलं कौशल्य बहुतांशी थोर पुरुषांच्या पुतळ्यांत खर्ची पडलं. बंगालमध्ये रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात सिमेंट आणि मुरुमाचं ‘संथाळ कुटुंब’ उभं केलं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेलं मजुराचं कुटुंब, माणसाहून मोठं. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५९ मध्ये देवीप्रसाद रायचौधुरींचं ‘श्रमाचा विजय’ उभं राहिलं. म्हणजे राबणारा माणूस शिल्पात आलेला होता. मीरा मुखर्जी या वाटेवरच्या पहिल्या नव्हेत.

मग त्यांचं वेगळेपण कशात? देवीप्रसादांचे मजूर पाहा. पीळदार दंड, ताणलेले स्नायू, प्रचंड धोंडा हलवणारे वीर. श्रम तिथे पराक्रम आहे. मीरा मुखर्जींच्या शिल्पात श्रम म्हणजे रोजचं जगणं. माती वाहणाऱ्या बाया. झाडाखाली बसून काम करणारे लोहार. मासे पकडणारे, नाव वल्हवणारे, विणणारे, शिवणारे. कोलकात्याच्या मिनीबसमध्ये दाटीने कोंबलेले प्रवासी. कुजबुजत डोकी जवळ आणलेला घोळका. त्या शिल्पाचं नावच ‘अफवा’ अशा अर्थाचं आहे. एकतारी घेऊन गाणारा बाऊल. ही माणसं कुणालाही काही सिद्ध करून दाखवत नाहीत. ती कामात आहेत. त्यांनी आपल्याकडे पाहिलेलंही नाही.

आणि ती एकमेकांत आहेत. हे मला त्यांच्या शिल्पातलं सर्वांत मोठं वाटतं. एका माणसाची वाकलेली पाठ दुसऱ्याच्या उचललेल्या हातात जाते, तो हात तिसऱ्याच्या ओझ्यात. मेणाचा धागा एका देहावरून दुसऱ्या देहावर सरकत जातो आणि सगळा घोळका एका लयीत हलतो. मीरा मुखर्जींना शास्त्रीय संगीताची ओढ होती. ताल म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसालाच इतक्या हातांना एका मात्रेवर आणता येतं. पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात देणाऱ्या बायांची रांग आपण बांधकामावर पाहिलेली आहे. त्या रांगेतही ठेका असतो. तो ठेका शिल्पाचा विषय होऊ शकतो, हे पाहायला वेगळा डोळा लागतो.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पाकडे येते. ‘कलिंगातला अशोक’. १९७२. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलच्या आवारात आज ते उभं आहे. उंची अकरा फुटांहून अधिक. तुकड्यातुकड्यांनी ओतून सांधलेलं. कुणी म्हणेल, आत्ताच तर तुम्ही सांगत होतात की या बाई राजामहाराजांचे पुतळे करत नव्हत्या! खरं आहे. पण राजा कोणता आणि त्याच्या आयुष्यातला क्षण कोणता, ते पाहा. सिंहासनावरचा अशोक नाही. स्तंभावर आज्ञा कोरवणारा अशोक नाही. ज्या रणांगणावर आपण जिंकलो, तिथे उभं राहून आपण काय केलं हे पाहणारा अशोक. जिंकलेला आणि मोडलेला. पुतळ्याची उंची सम्राटाची. त्याच्या अंगावरचा तो ओबडधोबड, जणू भाजून निघालेला धातू मात्र सम्राटाचा नाही.

आणि साल पाहा, १९७२. त्याच्या आदल्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीपासून जीव वाचवून लाखो निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले होते. डिसेंबरात युद्ध झालं होतं, जिंकलंही होतं. खुद्द कोलकात्याच्या गल्ल्यांत नक्षलवादी तरुण आणि पोलिस यांच्या संघर्षात रोज माणसं मरत होती. विजयाचे ढोल वाजत असताना कोलकात्यातली एक शिल्पकार विजयी राजाचा पश्चात्ताप घडवत होती. मी तरी या शिल्पाला त्या वर्षांपासून वेगळं काढू शकत नाही. आपल्या देशात विजयाचे पुतळे पुष्कळ आहेत. पश्चात्तापाचा पुतळा तुम्हाला दुसरा आठवतो का?

आयुष्याच्या अखेरीस त्या एका महाकाय बुद्धावर काम करत होत्या. त्यांच्या हयातीत ते काम पुरं झालं नाही. अशोकापासून बुद्धाकडे जाणं ओळीनेच आलं, असं मला वाटतं. माती वाहणारी बाई, पश्चात्तापाने उभा अशोक आणि बसलेला बुद्ध, तिघांवर तीच मेणाची वळी, तोच धागा, तीच भट्टी. त्यांनी कुणासाठी वेगळं तंत्र राखून ठेवलं नाही.

चौथा टप्पा. त्यांच्या कामाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न.

१९६८ साली मीरा मुखर्जींना राष्ट्रपतींचा कुशल कारागिराचा पुरस्कार मिळाला. १९९२ साली पद्मश्री मिळाली. हे दोन्ही मान शेजारी ठेवून पाहा. पहिला विणकर, कुंभार, ओतारी यांच्या रांगेत बसवणारा. दुसरा नामवंत कलावंताचा. आपल्या देशात या दोन रांगा सहसा एकमेकींना भेटत नाहीत. एकीतली माणसं हस्तकला मेळाव्यात चटईवर बसतात. दुसरीतल्यांची प्रदर्शनं दालनांत भरतात. एकीची किंमत किलोवर होते, दुसरीची नावावर. मीरा मुखर्जी या दोन्ही रांगांत उभ्या राहिल्या.

‘इन सर्च ऑफ विश्वकर्मा’ या १९९४ सालच्या पुस्तकाच्या नावातच त्यांचा शोध आला आहे. ओतारी, लोहार, सुतार, सोनार ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो विश्वकर्मा. हत्यार हातात धरण्याआधी त्याला हात जोडणारी माणसं त्यांनी देशभर पाहिली होती. काम आणि पूजा या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्या. महाराष्ट्रात हे समजावून सांगावं लागू नये. आपले संत कोण होते? गोरोबा कुंभार होते, सावतोबा माळी होते, नरहरी सोनार होते. चाक, मळा आणि हातोडी न सोडता ते संत झाले. आपण त्यांच्या पालख्यांना खांदा देतो. पण त्यांच्या चाकाला, त्यांच्या हातोडीला ज्ञान म्हणतो का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. आक्षेप असा : शहरातल्या, शिकलेल्या, वरच्या जातीतल्या बाईने आदिवासी भागातली विद्या उचलली, ती आपल्या नावावर दालनात मांडली, तिचं शिल्प लिलावात मोठ्या किमतीला जातं आणि घडवा होता तिथेच राहतो. यात न्याय कुठला? आक्षेप खोटा नाही. किमतींची दरी खरी आहे आणि ती अजून बुजलेली नाही. पण दोन गोष्टी त्यासोबत मांडायला हव्यात. आपण कुणाकडून शिकलो, हे मीरा मुखर्जींनी कधी झाकलं नाही. उलट ते लिहून, छापून, नोंदवून ठेवलं. आणि त्यांनी उसना घेतला तो नुसता नक्षीचा नमुना नव्हता. त्यांनी त्या कामाची पूर्ण शिस्त अंगावर घेतली : धूर, धग, वाया गेलेले साचे, सगळं. नक्षी उचलणारे पुष्कळ असतात. धग वाटून घेणारे किती?

बाई असण्याबद्दलही बोलायला हवं. शिल्पकला, त्यातही धातूची, हे पुरुषांचं क्षेत्र अशी आपली पक्की समजूत. वजन, आग, घाम. पण घडव्यांच्या घरी जा. माती मळायला, मेणाचे धागे वळायला, तूस पाखडायला बायकाच असतात. बाई भट्टीपासून दूर कधीच नव्हती. तिला फक्त शिल्पकार म्हणत नव्हते. मीरा मुखर्जींनी भट्टीपाशी बाईला नव्याने आणलं असं मी म्हणणार नाही. जी आधीपासून तिथे होती, तिला नाव मिळवून दिलं, असं म्हणेन. आयुष्याच्या पुढच्या टप्प्यात त्या गावातल्या मुलांसोबत आणि बायकांसोबत कांथा करू लागल्या. कांथा म्हणजे बंगालची गोधडीच. मुलांनी चित्रं काढायची आणि ती टाक्यांनी जुन्या कापडावर उतरायची. मुलांसाठी त्यांनी गोष्टीही लिहिल्या. अकरा फुटांचा अशोक ओतणाऱ्या बाईला सुईदोरा धाकटा वाटला नाही. त्यांच्या लेखी मेणाचा धागा आणि सुताचा धागा एकाच योग्यतेचा होता.

श्रोतेहो, आता सारं एकत्र करते.

पहिली गोष्ट, मीरा मुखर्जींनी शिकण्याची दिशा बदलली; म्युनिकनंतर बस्तरला जाऊन शिष्यत्व घेतलं. दुसरी, त्यांनी विचार आणि भट्टी यांची फारकत मोडली. मेणापासून धातूपर्यंतचं सारं काम आपलं मानलं आणि त्याच्या खुणा शिल्पावर राहू दिल्या. तिसरी, त्यांनी राबणाऱ्या माणसाला वीर न करता, बिचारा न करता, कामाच्या लयीत घडवलं. आणि सम्राट घडवला तोही पश्चात्तापाच्या क्षणी. चौथी, कारागीर आणि कलावंत यांच्यामधली भिंत आपण बांधलेली आहे आणि ती पाडता येते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याने दाखवलं.

मग आपण काय करायचं? व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवल्या म्हणजे काम संपलं का?

आपल्या महाराष्ट्रात दर भाद्रपदात मानवी देहाची आणि गजमुखाची जितकी शिल्पं घडतात, तितकी जगात फार थोड्या ठिकाणी घडत असतील. पेणच्या घराघरांत वर्षभर हे काम चालतं. प्रमाण, तोल, बोटांची वळणं, डोळ्यांची आखणी. जे कलाशाळेत चार-पाच वर्षं शिकवतात ते तिथल्या मुलांच्या हातात लहानपणीच येतं. आपण ती मूर्ती डोक्यावर घेऊन घरी आणतो. आणणाऱ्याचं नाव वर्गणीच्या पावतीवर असतं, मंडळाच्या अध्यक्षाचं नाव फलकावर असतं. घडवणाऱ्याचं नाव कुठे असतं? पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर ठोके देणारा माणूस, त्याचं नाव त्याच्या हंड्यावर असतं का?

माझी मागणी साधी आहे आणि ती या व्यासपीठावरून करण्याजोगी आहे. ज्या मंडळांचे कार्यकर्ते इथे बसले आहेत, त्यांनी यंदा मंडपातल्या फलकावर मूर्तिकाराचं नाव अध्यक्षांच्या नावाइतक्याच अक्षरांत लावावं. ज्या नगरपालिकांचे सदस्य इथे आहेत, त्यांनी पुढचा पुतळा उभारताना चौथऱ्यावर शिल्पकाराबरोबर ओतणाऱ्या कारागिरांचीही नावं कोरून घ्यावीत. आणि कलाशाळांमधल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणं असं की आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी संग्रहालयं जरूर दाखवा, पण एक सत्र पेणला, कोंडागावला, मेण वितळवून ढोकरा मूर्ती ओतणाऱ्यांच्या बंगालमधल्या गावी घालवू द्या. पाहुणे म्हणून नव्हे. विद्यार्थी म्हणून, आणि तिथल्या उस्तादाला शिक्षकाचं मानधन देऊन.

मीरा मुखर्जींचं स्मरण करण्याची याहून खरी रीत मला दिसत नाही. त्यांची शिल्पं संग्रहालयांत सुरक्षित आहेत. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. त्यांनी ज्यांच्याकडून विद्या घेतली, त्यांना गुरू म्हणण्याचं काम मात्र अजून बाकी आहे, आणि ते आपल्यावर आहे. पुढच्या वेळी पुतळ्यासमोर उभे राहाल तेव्हा पहिले दोन प्रश्न जरूर विचारा. पण तिसरा विचारल्याशिवाय तिथून हलू नका.